तंबूंतील ग्रामसुख

जाहिरातीला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु जें गद्य आज घरोघर वाचलें जातें, आणि जें वाचून माणसें खरोखरच उठून प्रवासाला निघतात, त्याकडे टीकाकारानें पाठ फिरवावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत एका नव्या तऱ्हेचीं विश्रामस्थानें उभीं राहिलीं आहेत. पांचगणी-भिलारचे उतार, कासची वाट, बामणोली-तापोळ्याकडील शिवसागराचा कांठ, दक्षिणेस वारणेचें खोरें, अशा ठिकाणीं जोडप्यांसाठीं तंबू ठोकलेले दिसतात. तंबू म्हणावयाचे एवढेंच. आंत पलंग आहे, मऊ गादी आहे, लागूनच स्नानगृह आहे. रात्रीं बाहेर दिव्यांच्या माळा आणि शेकोटी आहे. इंग्रजींत या प्रकाराला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. डौल आणि तंबूंतला मुक्काम या दोन अर्थांचे शब्द कापून, जोडून तो शब्द बनला, आणि २०१६ सालीं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें त्याला आपल्यांत घेतलें. आमच्या जाहिरातदारांनीं तो जसाच्या तसा देवनागरींत उतरविला आहे.

हे तंबू सोयीचे आहेत कीं गैरसोयीचे, स्वस्त कीं महाग, हा आमचा विषय नव्हे. त्यांच्याविषयीं जें गद्य लिहिलें जातें, त्यांतून एक गांव उभें राहतें. त्या गांवाचें परीक्षण करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या गद्याचे ठराविक अलंकार कोणाच्याही ध्यानांत येतील. निसर्गाची येथें नेहमीं 'कुशी' असते. धुकें नेहमीं दाट आणि सायंकाळ नेहमीं रम्य असते. शहर म्हणजे धकाधकी आणि खेडें म्हणजे शांतता, हें समीकरण एकदां मांडलें कीं पुढें कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. विशेषणांचा हा सुकाळ क्षम्य आहे; कवींनींही तो केलेला आहे. आम्हांस खटकलें तें व्याकरण. या गद्यांत चहा येतो, शेकोटी पेटते, न्याहारी तयार असते, अंथरूण घातलेलें असतें. चहा कोण आणतो, लांकडें कोण फोडतो, पाण्याची कळशी कोणाच्या डोक्यावरून चढण चढली, याचा पत्ता लागत नाहीं. क्रिया आहेत, कर्ता नाहीं. 'फक्त तुम्ही दोघें' हें या सर्व रचनेचें ध्रुवपद आहे, आणि दोघांखेरीज तिसरा कोणी वाक्यांत येऊं नये, अशी दक्षता घेतलेली दिसते. या गद्याचा मुख्य दोष आमच्या मतें हाच. तो केवळ शैलीचा दोष नव्हे, हें पुढें दाखवावयाचें आहे.

तत्पूर्वीं दुसरी बाजू न्यायानें मांडली पाहिजे. नव्या पिढीच्या या हौसेची थट्टा करणें फार सोपें आहे, आणि आमच्या वयाच्या पुष्कळ गृहस्थांना ती करण्यांत आनंदही वाटतो. 'आमच्या वेळीं नव्हतें हो असलें कांहीं' असें ते म्हणतात. नव्हतें हें खरें. पण नव्हतें म्हणून सुख होतें, असें त्यांच्या पत्नींना विचारल्यावांचून कोणीं म्हणूं नये. मराठी कुटुंबांत नवराबायकोला एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावयास जागा आणि वेळ मिळणें ही पिढ्यान्‌पिढ्या दुर्मिळ गोष्ट होती. वडील माणसांसमोर नवऱ्याशीं बोलणें हा उद्धटपणा समजला जाई. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस हें समजावून सांगावयास नको. पुण्याच्या घरांत बायकांच्या टोमण्यांखालीं त्यांना आपलें शिक्षण चालवावें लागलें. न्यायमूर्तींना १८७९च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यान्वयें पुणें व सातारा या जिल्ह्यांतील न्यायालयांच्या देखरेखीचें काम मिळालें आणि फिरती सुरू झाली, तेव्हां त्या दांपत्याला घरच्या नजरेपासून दूर एकत्र राहावयास सांपडलें. मुक्कामाची जागा कशी होती, हा प्रश्न तेथें गौण आहे. पत्नीनें वाचावें, पतीनें ऐकावें, चुकलें तर सांगावें, आणि मध्यें कोणीं खोकूं नये, एवढें सुख ज्या मुक्कामांत मिळालें, तो मुक्काम त्यांच्या सहजीवनाच्या इतिहासांत मोलाचा ठरला. आज पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत सासूसासरे व मुलें यांच्यासह राहणारें जोडपें दोन दिवस डोंगरावर जाऊन राहूं इच्छीत असेल, तर तें त्याच जुन्या न्याय्य मागणीचा उच्चार करीत आहे. एकांत ही चैन नव्हे, हें आम्ही प्रथमच मान्य करून ठेवितों.

प्रश्न एवढाच कीं, हा एकांत कशाच्या मोबदल्यांत मिळतो?

दोघांसाठीं रानांत जागा शोधण्याची कल्पना आम्हां मराठी लोकांस परकी नाहीं. महाराष्ट्री प्राकृतांतील जो सर्वांत जुना काव्यसंग्रह आपल्याजवळ आहे, ती हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' याच कल्पनेनें भरलेली आहे. स. आ. जोगळेकरांनीं १९५६ सालीं तिची मराठी आवृत्ति सिद्ध केल्यापासून ती सामान्य वाचकाच्याही आटोक्यांत आली. त्या गाथांतील प्रणयी माणसें गांवाबाहेर भेटतात; परंतु तो गांवाबाहेरचा प्रदेश म्हणजे कसलेलें शेत असतें. भात पिकून पांढरें पडूं लागलें कीं तरुणी खिन्न होते, कारण कापणी झाली कीं आडोसा गेला. मग सखी तिला उंच वाढलेलें तागाचें शेत दाखविते. केवढें मार्मिक आहे हें! एकांत तेथें पिकाच्या उंचीवर अवलंबून आहे, पीक नांगरावर, आणि नांगर धरणारा हालिक तर त्या गाथांतील एक नायकच आहे. प्रेम आणि शेती हीं एकाच वाफ्यांत वाढलेलीं आहेत. कष्ट करणारा माणूस बाजूला सारून तेथें शृंगार उभाच राहात नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांतही हाच विवेक थोरांच्या ठिकाणीं आढळतो. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकांत राजवाड्यांतून निघालेलीं माणसें आर्डेनच्या अरण्यांत जाऊन राहतात आणि तेथें चार जोडपीं जमतात. आमच्या तंबूंचा आदर्श म्हणून कोणी हें नाटक पुढें केलें तर तें वावगें होणार नाहीं. पण रोझलिंड अरण्यांत शिरते तेव्हां तिची गांठ प्रथम कोरिन नांवाच्या मेंढपाळाशीं पडते, आणि तो तिला सांगतो कीं मीं चारतों तीं मेंढरें माझीं नव्हेत, त्यांची लोकर मला मिळत नाहीं, मालक कृपण आहे आणि खोपटें विकावयास काढलें आहे. अरण्यांतल्या गोड नाटकांत कवीनें हा गडी मुद्दाम उभा केला. उलट, १७८३च्या सुमारास फ्रान्सच्या राणीनें व्हर्सायच्या बागेंत आपल्याकरितां जें लहानसें खेडें बांधविलें, त्यांत गव्हाण होती, दूधदुभतें होतें, गाई होत्या. राणीच्या डोळ्यांना बोचेल असें मात्र कांहीं नव्हतें. त्याच देशांतील खऱ्या खेड्यांत भाकरीची काय स्थिति होती, हें दहा वर्षांच्या आंत तिला कळून चुकलें. खेड्याचीं हीं दोन चित्रें आहेत. पहिल्यांत कोरिन आहे, दुसऱ्यांत नाहीं.

आमच्या मराठी कवितेलाही हा फरक पाहावा लागला. १९२३ सालीं स्थापन झालेल्या रविकिरण मंडळांतील दोन प्रमुख कवि, गिरीश आणि यशवंत, हे याच मातीचे. गिरीशांचा जन्म साताऱ्याचा, यशवंतांचा चाफळचा. त्या काळांत जानपद गीतांची मोठी लाट आली. त्या गीतांतील शेतकरी पेरतो त्याहून गातो अधिक, त्याची कारभारीण डोकीवर भाकरी घेऊन येते ती जणूं चित्रकारापुढें उभी राहण्यासाठींच, असा आक्षेप त्यांवर घेतला गेला आणि तो बव्हंशीं खराही होता. तथापि त्या कवितेच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्या गांवांत माणसें होतीं. नटवलेलीं असोत, पण होतीं. आजच्या तंबूंच्या गद्यानें शेतकऱ्याला नटविण्याचेही कष्ट घेतलेले नाहींत; त्याला सरळ वगळला आहे.

आतां ज्याला वगळलें तो कोण, हें पाहूं. जावळीच्या ज्या खोऱ्यांत हे तंबू दाटीनें उभे आहेत, तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जाऊन गोदींत, गिरणींत आणि बाजारांत ओझीं वाहात आले. माथाडी कामगार म्हटला कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें साताऱ्याचा माणूस येतो, तो उगीच नव्हे. नवरा मुंबईच्या खोलींत दहा जणांसह, बायको डोंगरावर सासूसासऱ्यांसह, आणि भेट गणपतींत किंवा जत्रेंत, असा येथील कितीतरी संसारांचा क्रम होता. ज्या भूमीची जाहिरात आज 'दोघांची' म्हणून होते, ती ताटातूट झालेल्या दोघांची भूमि आहे. या खोऱ्यांतल्या बायकांनीं जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्यांत दूर गेलेला धनी आहे. धुकें असलेंच तर तें त्याची वाट झांकणारें आहे.

शिवसागराचेंही तसेंच. तंबूच्या दारांतून जो जलाशय दिसतो, तो निसर्गानें निर्माण केलेला नाहीं. १९६०च्या दशकांत कोयनेचें धरण पुरें झालें, पाणी चढलें, आणि खोऱ्यांतील गांवें त्याखालीं गेलीं. तेथील माणसें ठाणें, कुलाबा, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जागीं जाऊन वसलीं. कित्येक तशींच वर डोंगरावर सरकलीं. त्या पाण्यावर महाराष्ट्राचे दिवे लागले, हा लाभ लहान नव्हे आणि आम्ही तो नाकारीत नाहीं. पण त्या जलाशयाचें वर्णन करतांना 'शांत' हें विशेषण वापरणाऱ्यानें तें कोणाच्या शांततेचें आहे, याचा क्षणभर विचार करावा. तंबूंत गरम पाण्याचा बंब घेऊन येणारा मुलगा कदाचित् त्याच बुडालेल्या गांवच्या एखाद्या घराचा नातू असेल. त्याचें गांव पाहुण्याला दिसतें, पण गांव म्हणून दिसत नाहीं. देखावा म्हणून दिसतें.

एवढ्यावर हा विषय थांबता तरी चाललें असतें. पण या दोन जिल्ह्यांत जोडप्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याचा उल्लेख केल्यावांचून हें परीक्षण प्रामाणिक होणार नाहीं. १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघालेला आणि १९६० सालीं सांगली हें नांव मिळालेला जिल्हा व त्याचा थोरला भाऊ सातारा, हे दोन्ही कृष्णाकांठचे उसाचे मुलूख आहेत. भुईंजपासून कराड, वाळव्यापर्यंत दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बीडकडचीं व इतर दुष्काळी भागांतलीं माणसें ऊस तोडावयास येतात. त्यांची मोजणी माणसांवर होत नाहीं, जोडप्यावर होते. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडींत चढविते. दोघांपैकीं एक आजारी पडलें तर कोयता मोडला. हंगामाची घाई साधावयाची म्हणून मुलींचीं लग्नें कोंवळ्या वयांत उरकलीं जातात, हेंही आतां सर्वांस ठाऊक आहे. हीं जोडपीं चारपांच महिने फडाच्या कडेला बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कापडाच्या कोपींत राहतात. कोपी म्हणजे तंबूच. पहाटे धुकें तेथेंही असतें, शेकोटी तेथेंही पेटते, आणि डोक्यावर तारे तेच असतात. फक्त ती शेकोटी कोण पेटवितो, याविषयीं तेथें संशय राहात नाहीं.

पुण्याहून येणारी मोटार सुरूर फाट्याला हमरस्ता सोडून वाईकडे वळते, तेव्हां उसाचा फड आणि त्याच्या कडेच्या कोप्या खिडकींतून दिसतात. तासाभरानें ती घाट चढून तंबूच्या दाराशीं उभी राहते. एका रस्त्यावर दोन तंबू. एकांत दोघें कामाला जुंपलीं आहेत म्हणून जोडपें. दुसऱ्यांत दोघें कामापासून सुटलीं आहेत म्हणून जोडपें. आमचें म्हणणें असें नाहीं कीं दुसऱ्यानें पहिल्याला पाहून लाजेनें परत फिरावें. लाज ही फार स्वस्त भावना आहे, आणि ती पोटभर जेवल्यावर सर्वांत चांगली येते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या गद्याला पहिला तंबू दिसूं शकत नाहीं, त्या गद्याला दुसऱ्याचें सुखही खरें करून सांगतां येत नाहीं. दूर असण्याचें सुख हें कशापासून दूर, हें कळल्यावरच सुख ठरतें.

याच प्रदेशानें मराठीला असे लेखक दिले आहेत कीं ज्यांना हें सांगतां आलें. व्यंकटेश माडगूळकर हे माणदेशाचे. त्यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या पुस्तकांत उघड्या माळाचें वर्णन अत्यंत थोड्या शब्दांत आहे. परंतु एका बैलाशेजारीं स्वतः जुवाला खांदा देणारी शेकूची बायको ज्यानें एकदां वाचली, त्याला ती जन्मभर दिसत राहते. खेड्यांतील दांपत्याचें याहून जिव्हाळ्याचें चित्र मराठींत आम्हांस आठवत नाहीं, आणि त्यांत प्रेमाचा एकही शब्द नाहीं. वाटेगांवच्या अण्णा भाऊ साठे यांनीं वारणेच्या खोऱ्यांतील डोंगरदऱ्या 'फकिरा'मध्यें (१९५९) भुकेच्या आणि बंडाच्या नजरेनें पाहिल्या. तेथील रान हें लपावयाचें रान आहे, विसाव्याचें नव्हे. या दोघांनाही निसर्ग सुंदर दिसत नव्हता, असें नाहीं. त्यांच्याजवळ तो माणसांच्या मागें उभा होता. तंबूंच्या गद्यांत माणूस निसर्गाच्या मागें गेला आणि तेथून नाहींसा झाला. कित्येक दशकांपूर्वीं आमच्या कथेनें जी पायरी चढून ओलांडली होती, ती आपलें प्रवासवर्णनात्मक गद्य पुन्हां उतरत आहे, हा आम्हांस चिंतेचा विषय वाटतो.

येथें एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विसाव्यासाठीं दोन दिवस आलेल्या माणसापुढें कोयना आणि कोयता मांडून त्याचा विसावा कां बिघडवितां? तो समाजशास्त्र शिकावयास आलेला नाहीं. शिवाय या तंबूंमुळें गांवच्या मुलांना गांवांतच चार पैसे मिळतात, मुंबईचीं ओझीं टळतात, हें काय वाईट? वाईट मुळींच नाहीं. जावळीचा मुलगा मुंबईला न जातां आपल्याच जमिनींत तंबू ठोकून, आपल्याच बायकोसह राहून संसार करूं शकला, तर तेथील ताटातुटीच्या इतिहासांत तो मोठाच पालट होय, आणि हें खरोखर कोठें घडत असेल तर जाहिरातीनें तेंच प्रथम सांगावें! या तंबूचा मालक पूर्वीं कोठें होता, आतां येथें कसा राहतो, न्याहारीची नाचणी कोणाच्या शेतांतली, हें सांगितल्यानें पाहुण्याच्या एकांताचा भंग होणार नाहीं. आम्ही तंबू उखडा असें म्हणत नाहीं. वाक्यांत कर्ता घाला, एवढेंच म्हणतों.

आणि हें अशक्य नाहीं याचा दाखला याच डोंगरावर आहे. पांचगणीजवळचें भिलार हें स्ट्रॉबेरीचें गांव. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गांवावरून स्फूर्ति घेऊन ४ मे २०१७ रोजीं तें 'पुस्तकांचें गांव' म्हणून जाहीर झालें. सुमारें पंधरा हजार मराठी पुस्तकें तेथें स्वतंत्र इमारतींत न कोंडतां गांवकऱ्यांच्या राहत्या घरांत, देवळांत, शाळेंत वांटून ठेविलीं गेलीं. वाचावयाचें तर कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसावें लागतें. घरचा माणूस भेटतो, पाणी विचारतो. त्या प्रयोगाचे दोषही असतील. पुस्तकांपेक्षां छायाचित्रांसाठीं येणारे कांहीं थोडे नाहींत. परंतु तेथें पाहुण्याला गांव वगळून गांवांत राहतां येत नाहीं, हा गुण मोठा आहे. दोघांनीं एका ओसरीवर तासभर एकच पुस्तक वाचीत बसावें, यांतही एकांत आहे. रमाबाईंना तो पुरला होता.

जोडप्यांनीं डोंगरावर अवश्य यावें. आपण दोघेंच असावें ही त्यांची इच्छा निर्मळ आहे आणि ती पुरी व्हावी. पण जें गद्य त्यांना बोलावितें, त्यानें त्यांचा समज इतका कोता धरूं नये कीं तिसरा माणूस दिसतांच त्यांचें प्रेम मावळेल. गाथेंतल्या प्रणयी जनांचें मावळलें नाहीं, रोझलिंडचें मावळलें नाहीं. ज्या दोघांना शेकोटी पेटविणाऱ्याचें नांव विचारावेंसें वाटतें, त्यांच्यासाठीं लिहिणारा लेखक या तंबूंना अद्याप मिळावयाचा आहे. तो मिळेल तेव्हां त्याचें स्वागत आम्ही आनंदानें करूं.